कुसरीचा पत्ता

सह्याद्रीतील फुले म्हटली की आपल्याकडील सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढे श्रावण-भाद्रपदातील सडे आणि पठारे उभी राहतात. तेरड्याने गुलाबी झालेली कासची भूमी, सोनकीने पिवळे झालेले उतार आणि त्यांवरून सरकणारे धुके हे चित्र त्याच्या मनात इतके ठसलेले असते की, ते खोटे नसले तरी अर्धेच आहे, ही गोष्ट वैशाखाच्या उन्हात एकदा तरी डोंगर चढल्यावाचून त्याच्या प्रत्ययास येत नाही. वास्तविक ह्या डोंगरांतील मोठ्या झाडांचा आणि वेलींचा खरा पुष्पकाल कोरड्या महिन्यांतलाच. पळस, पांगारा आणि सावर माघ-फाल्गुनात उघड्या फांद्यांवर पेटतात. चैत्रात मोहाखाली पहाटे मांसल फुलांचा सडा पडतो. वैशाखात बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात, आणि महाराष्ट्राचे राज्यफूल म्हणून मान पावलेल्या ताम्हणाची झाडे कोकणातील ओढ्यांकाठी जांभळी होतात. पाने झडलेली असल्यामुळे फूल दुरून दिसते, आणि पुष्कळांचे बी भुईवर पडते न पडते तोच मृगाचा पाऊस येऊन ठेपतो, असा हा रानाचा जुना हिशेब आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका वैशाखाच्या उत्तरार्धात माथेरानच्या डोंगरावर दोन वडीलधाऱ्या माणसांच्या संगतीत एक दिवस घालविण्याचा योग मला आला. नाना हे महाविद्यालयात तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. वत्सलाबाईंची सारी नोकरी डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांतील प्राथमिक शाळांत गेलेली. रानावर दोघांचा जीव सारखाच. परंतु रानात कशासाठी जावे ह्याविषयी दोघांची मते इतकी भिन्न की, एकाच पायवाटेने चालत असूनही ती दोन निरनिराळ्या डोंगरांवर आहेत की काय, असे मला वाटत राहिले. त्या दिवशीचे त्यांचे बोलणे मी शक्य तितके त्यांच्याच शब्दांत मांडीत आहे.

दस्तुरी नाक्यापाशी मोटारी थांबतात. तेथून समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीवर पसरलेल्या त्या माथ्यावर लाल मातीच्या वाटा फुटतात, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना अंजन, जांभूळ, हिरडा ह्यांची दाट सावली असते. नानांच्या खांद्यावर झोळी, झोळीत भिंग आणि वही. वत्सलाबाईंच्या हातात फक्त छत्री.

नाना : बाई, नाक्यावर मुलांचा घोळका पाहिलात ना? खाली रस्त्याकडेला फुललेल्या गुलमोहराचे नाव त्यांतील प्रत्येकाने बिनचूक सांगितले. ह्या अंजनाकडे मात्र एकानेही मान वर करून पाहिले नाही. गुलमोहर मादागास्करचा, नीलमोहर दक्षिण अमेरिकेचा. शोभेची झाडे म्हणून ती आपल्याकडे आली, आणि आज आपल्या उन्हाळ्याचे रंग म्हणून त्यांचीच गणना होते. माझी तक्रार त्या झाडांविषयी नाही. ज्या डोळ्यांनी ह्या मुलखाचे रान पाहावयाचे, त्या डोळ्यांना रस्त्याच्या कडेपलीकडे जाण्याची सवयच उरली नाही, ही माझी तक्रार आहे. म्हणून मी म्हणतो, उन्हाळ्याच्या सुटीत माणसाने रानात जावे, आणि जावे ते शोधाच्या बुद्धीने जावे.

बोलता बोलता त्यांनी एक फांदी हळूच खाली वाकविली. अंजनाचा बहर सरला होता. परंतु पानांमागच्या जुन्या, उघड्या लाकडाला चिकटून एका गुच्छात पाच-सात फुले अद्याप राहिली होती. ज्वारीच्या दाण्याहून किंचित मोठे फूल, चार पाकळ्या, त्यांतून बाहेर आलेले निळे केसर. आणि ती निळाई अशी की, शेजारची गडद, चकचकीत पानेही तिच्यापुढे फिकी वाटावीत. बाकीच्या गुच्छांत हिरवी फळे धरली होती.

वत्सलाबाई : फूल सुंदर आहे, नाना, पण तुमच्या 'शोध' ह्या शब्दाचीच मला धास्ती वाटते. ह्या डोंगराचा शोध 1850 सालच्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट ह्यांनी लावला, असे पुस्तकात छापलेले आहे, आणि मीही ते मुलांना वर्षानुवर्षे शिकविले. समोर बसलेल्या मुलांत निम्मी ठाकरांची. त्यांचे पूर्वज ह्या वाटांनी मध, लाकूड आणि मोहाची फुले घेऊन उतरत होते, हे त्यांना ठाऊक. मी मात्र फळ्यावर साहेबाचे नाव लिहीत होते. असा शोध एकदा लागला की त्यामागून बंगले येतात, बाजार येतो, गर्दी येते. फुलांची गत निराळी आहे काय? कासच्या सड्याचे नाव सर्वतोमुखी झाले, 2012 साली पश्चिम घाटाबरोबर त्याचा जागतिक वारशात समावेश झाला, आणि पाहायला येणाऱ्यांच्या पायांपासूनच फुले राखण्यासाठी तिकीट आणि पहारा ह्यांची तजवीज करावी लागली. कोणी पाहिले नाही म्हणून फुलाचे काय अडले होते?

नाना : पाहिले नाही म्हणून त्याचे अडत नाही, हे खरे, नोंदले नाही म्हणून मात्र अडते. उद्या एखाद्या उतारावरून रस्ता न्यावयाचा ठरला, तर सरकारी कागदात मोठी झाडे तेवढी मोजली जातात. बाकीच्या सगळ्या जीवसृष्टीला 'झुडुपे' हा एकच शब्द पुरतो. ज्याला हरकत घ्यावयाची असेल त्याला दाखला द्यावा लागतो. थिओडोर कुक हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य, विद्येने स्थापत्यशास्त्री. परंतु मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा त्यांचा ग्रंथ 1901 ते 1908 ह्या काळात निघाला, आणि त्याआधी 1861 साली डॅलझेल आणि गिब्सन ह्यांचा ग्रंथ निघाला. कोणते झाड कोणत्या गावी सापडले आणि कोणत्या महिन्यांत फुलते, हे त्या माणसांनी लिहून ठेवले नसते, तर अमुक वनस्पती अमुक डोंगरावर होती आणि आज नाही, एवढेही आपल्याला शपथेवर सांगता आले नसते. हा माथेरानचा परिसर 2003 साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. असा हुकूम कोऱ्या कागदाच्या आधारे निघत नाही.

वत्सलाबाई : कागदाचे महत्त्व मी नाकारीत नाही. पण त्या कागदावर तुम्ही देशी आणि विदेशी अशी जी सरहद्द आखता, ती मला खटकते. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोकडचा, आपल्या ठेच्यातली मिरची अमेरिकेची; त्यांना आपण परके म्हणतो काय? आणि ती घाणेरी पाहा. तुमच्या हिशेबी ती उपरी. पण तिच्यावर कोण बसले आहे?

वाटेच्या वळणावर घाणेरीच्या झुडपावर एक मोठे फुलपाखरू आले होते. काळे मखमली पंख, त्यांवर फिकट निळ्या ठिपक्यांचे रुंद पट्टे; फुलावर ते स्थिर बसत नव्हते, पंखांची फडफड चालू ठेवूनच एका फुलातून दुसऱ्यात सोंड घालीत होते. 2015 साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून ज्याची निवड झाली, तो हा नीलवंत.

नाना : बरे झाले, बाई, तुम्हीच साक्षीदार उभा केलात. ह्या नीलवंताला मध कोणीही पाजील. पण त्याच्या मादीला अंडी घालावयाची वेळ येते तेव्हा ती घाणेरीवर बसत नाही. तिच्या अळीला माकडलिंबासारख्या लिंबाच्या कुळातील झाडाचे पान हवे असते. घाणेरीच्या जाळीने माकडलिंबाची रोपे दडपून टाकली, तर हे फूल भरपूर असूनही फुलपाखरू उरणार नाही. देशी ह्या शब्दात मला मालकी हक्क दिसत नाही, वहिवाट दिसते. कोणत्या पानावर कोणती अळी वाढावी, रात्री उमलून पहाटे केसर गाळणाऱ्या कुंभ्याच्या फुलाकडे अंधारात कोणी यावे, कोणत्या पाखराने कोणते फळ खाऊन कोठे बी टाकावे, हा जो हजारो वर्षांचा परस्परांचा व्यवहार, तो ज्या झाडाचा येथे आहे ते येथले. झेंडू शेतकऱ्याने लावला तर वाढतो, न लावला तर निमूटपणे जातो. तो पाहुणा आहे, त्याच्याशी माझे वैर नाही. घाणेरी शोभेचे कुंपण म्हणून आली, आणि आज साऱ्या उतारांची कब्जेदार होऊन बसली आहे.

वत्सलाबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नीलवंत उडून गेल्यावर त्या म्हणाल्या, "वहिवाट म्हणालात, ते मला पटले. पण नाना, वहिवाटीचा तंटा असला की तलाठीसुद्धा गावातल्या जुन्या माणसांना बोलावून विचारतो. तुमची शास्त्रीय मंडळी कोणाला विचारतात?"

ह्या प्रश्नाचे उत्तर नानांना तोंडाने द्यावे लागले नाही. दहा-पंधरा पावलांवर एका गेळ्याच्या काटेरी झाडावर चढलेला एक वेल त्यांना दिसला, आणि ते थबकले. समोरासमोर जोडीने आलेली रुंद पाने आणि शेंड्यांवर उरलेली मोजकी पांढरी फुले. नानांनी भिंग न काढता नुसते नाक जवळ नेले. बारीक, लांबट नळीच्या टोकाला आठ-नऊ अरुंद पाकळ्या चांदणीसारख्या पसरलेल्या. त्यांची टोके उन्हाने करपू लागलेली. वास जाईचाच, पण बागेतल्या जाईसारखा धीट नव्हे, वाऱ्याच्या झुळकेबरोबर येणारा आणि तिच्याबरोबरच जाणारा. "जॅस्मिनम मलबारिकम," नाना म्हणाले, आणि वही काढून तारीख घालू लागले.

एवढ्यात करवंदांची पाटी डोक्यावर घेतलेली एक म्हातारी ठाकरीण खालून चढत आली. वत्सलाबाईंनी तिची पाटी उतरविण्यास हात दिला आणि विचारले, "आजी, ह्या वेलाला काय म्हणता तुम्ही?"

"कुसर ती," म्हातारी म्हणाली. "आता सरली. शिमगा झाला का यायचं. तवा लांबून वास येतो." आणि नानांच्या हातातल्या वहीकडे पाहून तिने पुन्हा सांगितले, "उशिरा आलात तुमी."

पानभर करवंदे घेऊन आम्ही एका खडकावर बसलो. नानांनी वहीत लॅटिन नावाच्या शेजारी 'कुसर' हा शब्द लिहिला, आणि त्यापुढे कंसात 'शिमग्यानंतर' असेही लिहिले.

नाना : तुमचा प्रश्न रास्त होता, बाई. आणि त्याचे उत्तर आमच्याच शास्त्राच्या इतिहासात आहे. आम्ही ते विसरलो. डच अमलाखालच्या मलबारात व्हान ऱ्हीड नावाच्या सुभेदाराने तेथील वनस्पतींचा बारा खंडांचा 'होर्टुस मलबारिकुस' हा ग्रंथ सिद्ध करविला. त्याचा पहिला खंड 1678 साली निघाला. त्या ग्रंथात इट्टी अच्युतन नावाच्या वैद्याची साक्ष छापलेली आहे, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट ह्या तीन कोंकणी वैद्यांचे 1675 सालचे प्रमाणपत्रही आहे. ते कोंकणी भाषेत आणि आपल्या देवनागरी लिपीत. म्हणजे तो सुभेदार रानात शिरण्याआधी जाणत्यांच्या ओसरीवर गेला होता.

वत्सलाबाई : तर मग माझीही एक कबुली ऐका. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी चाचणीत प्रश्न घातला होता, 'फुलांचा उपयोग लिहा.' देवपूजा, हार, अत्तर अशी उत्तरे मला अपेक्षित होती. एका ठाकराच्या मुलीने एकच शब्द लिहिला, 'भाजी'. मी त्यावर लाल फुली मारली. पुढच्या वैशाखात पटनोंदणीसाठी तिच्या झोपडीत गेले, तेव्हा तिच्या आईने मला नाचणीच्या भाकरीबरोबर कुड्याच्या फुलांची भाजी वाढली. कडवट, पण मागून गोडी येणारी. मुलगी दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे पाहत होती. त्या दिवसापासून मी पुस्तकातली फुले शिकविण्याआधी मुलांना विचारीत आले, तुमच्या वाटेवर आज काय फुलले? जे मी शोधायला गेले असते तर मला जन्मात सापडले नसते, ते मुलांनी मला विचारल्यासरशी दिले. म्हणून मी म्हणते, शोधू नका, विचारा.

खडकामागे एक जुने आंब्याचे झाड होते. त्याच्या आडव्या फांदीच्या बेचक्यात, शेवाळलेल्या सालीला पांढरट, जाड मुळांनी घट्ट धरून आमरीचे एक रोप वाढले होते, आणि त्याच्या पट्ट्यासारख्या पानांतून वीतभर लांबीची एक वेणी खाली लोंबत होती. पांढऱ्या, तकतकीत फुलांवर जांभळट गुलाबी ठिपके. वरची फुले उमललेली आणि खालच्या टोकाकडे हिरवट कळ्यांची निमुळती रांग. ह्या आमरीला सीतेची वेणी असे नाव ज्याने दिले, त्याने ती अशीच खालून, मान वर करून पाहिली असली पाहिजे. शेजारच्या फांदीवर मात्र सालीचा एक हातभर पट्टा कोयत्याने सोलून नेलेला दिसत होता, आणि तुटलेल्या मुळांचे तुकडे अजून लाकडाला चिकटून होते.

वत्सलाबाई : हा पाहा तुमच्या शोधाचा परिणाम.

नाना : हा चोरीचा परिणाम आहे, बाई; पण मी तेवढ्यावर सुटका करून घेत नाही. ज्याने ही नेली तो ती बंगल्याच्या सज्जात टांगील, एक हंगाम कौतुक करील, आणि बहुधा ती सुकून जाईल. आमरीच्या एका शेंगेत धुळीसारखे असंख्य बी असते, पण त्या बीजवळ स्वतःची शिदोरी नसते; सालीवरची विशिष्ट बुरशी भेटली तरच ते रुजते, आणि फुलावर यायला पुढे कित्येक वर्षे जातात. एवढे ज्ञान मला विद्यार्थिदशेतही होते. तरीसुद्धा एका वळवाच्या पावसानंतर, पानाआधी फूल वर काढणारी एक भुईआमरी मला एका उतारावर दिसली, तेव्हा मी ती कंदासकट खणून काढली. त्या उतारावर ती एकटीच होती. कागदाच्या घडीत ती उत्तम वाळली. नाव, गाव, तारीख, सर्व तपशील बिनचूक आहे. पुढची तीन वर्षे मी त्याच दिवसांत तेथे जात राहिलो. काही उगवले नाही. माझ्या साऱ्या नोंदींत तिच्याइतकी निर्दोष नोंद दुसरी नाही, आणि तिच्याइतकी मला टोचणारीही नाही.

नानांचा आवाज खाली आला होता. वत्सलाबाईंनी छत्री मिटली आणि काही वेळ त्या सोललेल्या फांदीकडे पाहत राहिल्या.

वत्सलाबाई : मग अजूनही वही कशाला बाळगता?

नाना : कारण विस्मरणानेही झाडे मरतात. त्या म्हातारीच्या नातीला कुसर हे नाव ठाऊक असेल, असे तुम्ही छातीवर हात ठेवून सांगाल काय? विचारावयाचे ते तिला, हे मी मान्य केले. पण तिने सांगितलेले कोठे तरी उतरून ठेवले नाही, तर आणखी वीस वर्षांनी विचारावयाचे कोणाला?

वत्सलाबाई : नाव उतरवा, महिना उतरवा, फुलपाखरू आणि अळी, सारे उतरवा. पण ठिकाण उतरवू नका. ठिकाण ज्याला हवे, त्याने म्हातारीच्या मागोमाग चार डोंगर चढून ते मिळवावे.

नाना : आणि ठिकाणावाचून नोंद म्हणजे पत्त्यावाचून पत्र. उद्या हा उतार वाचवावयाचा झाला, तर मी काय दाखवू?

ह्या एका मुद्द्यावर त्या दोघांची तडजोड त्या दिवशी झाली नाही. उतरणीला लागल्यावरही ती दोघे त्याविषयीच बोलत होती. मात्र एक गोष्ट बोलण्याच्या ओघात ठरून गेली: पुढच्या वर्षी नवा डोंगर धरावयाचा नाही, ह्याच वाटेने यावयाचे, आणि शिमगा सरताच यावयाचे.

दोघांच्या बाजू ऐकून माझ्या मनाशी जे ठरले, ते मी निःसंकोचपणे सांगतो. उन्हाळ्यात रानफुले शोधावयास निघणाऱ्या मनुष्याने किती डोंगर पाहिले, ह्याला फारसा अर्थ नाही. एका वाटेवर तो किती वेळा परत गेला, ह्याला अर्थ आहे. पहिल्या खेपेस त्याला फक्त फूल दिसते. दुसऱ्या खेपेस ते फूल सरलेले असते, आणि आपण उशिरा आलो हे कळते. तिसऱ्या खेपेस वाटेवरची माणसे ओळख देऊ लागतात. वहिवाट ही झाडांनाच लागते असे नाही. ती पाहणाऱ्यालाही लागावी लागते, आणि ती लागल्यावाचून त्याच्या नोंदीला किंवा त्याच्या मौनाला किंमत येत नाही.

त्यानंतर नाना त्या वाटेने प्रतिवर्षी तीनदा जात आले आहेत. शिमग्यानंतर, वैशाखात आणि पहिल्या वळवानंतर. म्हातारीची करवंदांची पाटी आता तिची नात वाहते, आणि कुसर हे नाव तिला ठाऊक आहे, कारण वत्सलाबाई दर खेपेस ते तिला विचारतात. गेल्या चैत्रात नानांनी मला वही पाहावयास दिली. प्रत्येक पानावर चार रकाने आखलेले आहेत: शास्त्रीय नाव, वाडीवरचे नाव, फुलण्याचा काळ आणि ठिकाण. पहिले तीन बारीक, सुवाच्य अक्षरांनी गच्च भरलेले आहेत. चौथ्या रकान्यात पहिल्या दोन पानांवर काही लिहून नंतर खोडलेले दिसते. पुढे तो कोराच आहे. मी त्याविषयी विचारले, तेव्हा नानांनी वही मिटली आणि म्हणाले, "उताराला धोका आला, तर एका दिवसात भरीन. मला सारे पाठ आहे."

त्या वर्षी कुसर भरात होती. दस्तुरी नाक्यापासून निघालो तेव्हा वारा पडला होता. पण गेळ्याचे झाड येण्याच्या पुष्कळ आधीच आम्हाला तिचा वास आला.